फाटलेला ठोका आणि फिसकटलेला ठोका

नवरात्रात तुळजापूरजवळच्या एका गावी आमच्या पाहुण्यांकडे गोंधळ होता. मी संबळ रेकॉर्ड केला आणि फाइल लहान व्हावी म्हणून ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे बरीच दाबलेली) एमपीथ्री करून भावकीच्या ग्रुपवर टाकली. चुलतभावाचा लगेच फोन, "दादा, आवाज फाटलाय बघ."

हेडफोन लावून ऐकलं. आवाज फाटला नव्हता, फिसकटला होता.

फाटणं घडतं रेकॉर्डिंगच्या वेळी. माईकची पातळी चढी असली की लाटेचा माथा मावत नाही. लाटेची उंची आकड्यांत लिहिली जाते आणि सोळा बिटमध्ये ३२७६७ च्या वर आकडाच नाही, मग माथा सपाट कापला जातो आणि नेमकी ठोक्यावरच करकर ऐकू येते.

फिसकटणं ऐकू येतं ठोक्याच्या आधी. काठी कातड्यावर पडायच्या आधीच बारीक 'फुस्स' येतं आणि ठोक्याची धार जाते. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करते. एरवी एक तुकडा ५७६ नमुन्यांचा (नमुना म्हणजे लाटेच्या उंचीचं एक माप), म्हणजे सीडीच्या दर्जाला साधारण १३ मिलिसेकंदांचा. प्रत्येक तुकड्यातले सूर वेगळे काढून त्यांचे आकडे ढोबळ केले जातात. या ढोबळपणातली चूक आवाज परत जुळवताना अख्ख्या तुकड्यावर पसरते, ठोक्याआधीच्या शांततेवरसुद्धा. ठोक्यानंतरची चूक कानाला जाणवत नाही, कारण मोठ्या आवाजामागे शंभरेक मिलिसेकंद बारीकसारीक झाकलं जातं. आधीच्या बाजूला मात्र हे झाकण जेमतेम काही मिलिसेकंदांचं!

म्हणून चांगला एन्कोडर (एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम) ठोका येतोय हे ओळखून १९२ नमुन्यांचे छोटे तुकडे पाडतो. चूक चारेक मिलिसेकंदांत कोंडली जाते. एएसी या दुसऱ्या फॉरमॅटात हेच १०२४ वरून १२८ वर येतं. पण छोट्या तुकड्यांना बिट जास्त लागतात आणि ६४ केबीपीएसमध्ये ते पुरत नाहीत. पेटीच्या लांब सुराला हा त्रास नाही. संबळ, हलगी, टाळ यांना आहे, आणि आपल्याकडचं निम्मं वाजवणं त्यांचंच.

शंका असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये लाट मोठी करून पाहा. माथा सपाट दिसला तर फाटलाय, सुळक्याच्या आधी केसाळ रेघ दिसली तर फिसकटलाय. कापला गेलेला माथा खरा परत येत नाही. पुढच्या वेळी पातळी उतरवायची, माईक दोन हात मागे घ्यायचा. एमपीथ्रीवरून पुन्हा मोठी एमपीथ्री करूनही काही साधत नाही, कारण 'फुस्स' आता फाइलचाच भाग झालेलं असतं.

माझ्याकडे मूळ, न दाबलेली वेव्ह फाइल होती. २५६ केबीपीएसवर परत काढली, डॉक्युमेंट म्हणून पाठवली. काठी पडायच्या आधीची शांतता जागेवर आली.