बालसंगोपन केंद्रांतील मानसिक आरोग्य सल्लाकार्य

जन्मापासून साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सांभाळणाऱ्या व शिकवणाऱ्या मोठ्या माणसांना मानसिक आरोग्याच्या जाणकाराने दिलेली नियमित साथ. पाळणाघरे, बालवाड्या आणि गृहभेटींचे कार्यक्रम ही तिची मुख्य क्षेत्रे. सल्लागार मुलावर उपचार करीत नाही, निदानाचा शिक्का मारीत नाही, शिक्षिकेचे मूल्यमापनही करीत नाही. मुलाच्या रोजच्या सहवासातील माणसांची समज वाढली की मुलाचे वागणे निवळते, हे या कामामागील गृहीतक. ही शाखा प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढली.

उगम : बहुतेक लेखक या पद्धतीचे जनकत्व जेरल्ड कॅप्लन (१९१७–२००८) या मनोविकारतज्ज्ञांकडे देतात. १९४९ च्या सुमारास ते जेरुसलेममधील एका बालमार्गदर्शन केंद्रात होते. नव्याने आलेल्या स्थलांतरितांची सुमारे १६,००० मुले शंभरावर निवासी संस्थांत विखुरलेली होती आणि तज्ज्ञांचा चमू अगदी लहान होता. प्रत्येक मुलाला केंद्रात आणून तपासणे अशक्य, म्हणून तज्ज्ञच संस्थांत जाऊन सांभाळणाऱ्यांशी बोलू लागले. एकाच संस्थेतून एकाच तऱ्हेच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, हे तेव्हा ध्यानात आले; म्हणजे अडचणीचा काही भाग पाहणाऱ्याच्या नजरेत होता. १९७० मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या सिद्धांतात कॅप्लन यांनी सल्ल्याचे चार प्रकार केले. सल्ला एखाद्या मुलाबद्दल आहे की संस्थेच्या कारभाराबद्दल, हा एक निकष. आणि भर त्या प्रश्नावर आहे की प्रश्न घेऊन येणाऱ्यावर, हा दुसरा. ‘हे मूल अमुक प्रकारचे, म्हणजे त्याचे तमुकच होणार’ असा जो ग्रह काळजीवाहकाच्या मनात स्वतःच्या जुन्या सलातून बसतो, तो सैल करणे हे त्यांच्या तंत्रातील सर्वांत नाजूक काम. ते करताना काळजीवाहकाच्या खासगी आयुष्याला हात घालायचा नाही, बोलणे मुलाविषयीच ठेवायचे, असा त्यांचा दंडक होता. पुढील पिढीने तो बराच शिथिल केला.

कॅप्लन यांच्या कामातील ती मुले मात्र बहुतांशी किशोरवयीन होती. त्यामुळे काहीजण उगम मागे नेऊन अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॅम्पस्टेड भागात चालवलेल्या शिशुगृहांत शोधतात. तेथे मनोविश्लेषणाचे ज्ञान चालकांकडेच होते. बाहेरचा सल्लागार ही कल्पना त्यात बसत नाही. तिसरा दावा सेल्मा फ्रायबर्ग या मनोविश्लेषक समाजकार्यतज्ज्ञांच्या बाजूने केला जातो. त्यांनी १९७० च्या दशकात मिशिगनमध्ये घरी जाऊन आई व तान्हे मूल यांच्यासोबत काम केले, ‘शिशुमानसिक आरोग्य’ ही संज्ञा रूढ केली आणि आईबापांच्या स्वतःच्या बालपणातील न सरलेले दुःख पाळण्याभोवती कसे वावरते, हे १९७५ च्या लेखात दाखवले. पण तो उपचार होता, सल्ला नव्हे. कॅप्लन यांची चौकट आणि फ्रायबर्ग यांची दृष्टी या दोन धारा सॅन फ्रान्सिस्कोत एकत्र आल्या, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. फ्रायबर्ग १९७९ मध्ये तेथे गेल्या. त्यांनी उभारलेल्या शिशु-पालक कार्यक्रमातूनच १९८८ मध्ये पाळणाघरांसाठी सल्लासेवा निघाली. तिच्या अनुभवावर कादीजा जॉन्स्टन व चार्ल्स ब्रिनामन यांनी २००६ मध्ये सल्लागाराची ‘भूमिका’ शब्दबद्ध केली. तज्ज्ञपणाचा आव न आणणे, उत्तर देण्याऐवजी कुतूहल ठेवणे, सर्वांचे, विशेषतः मुलाचे, म्हणणे पुढे मांडणे आणि धीर धरणे हे तिचे काही घटक.

कार्यपद्धती : सल्लागार बहुधा समाजकार्य, मानसशास्त्र किंवा समुपदेशन यातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असतो. तो वर्गात बसून निरीक्षण करतो, शिक्षिका, संचालक व पालकांशी बोलतो. विशिष्ट मुलाचे निरीक्षण करायचे तर पालकांची संमती घेतली जाते. शिक्षिकेशी निवांत बोलणे बरेचदा मुलांच्या दुपारच्या झोपेच्या वेळीच शक्य होते, आणि मुले झोपली नाहीत तर तेही नाही. सल्लागाराला स्वतःला चिंतनपर पर्यवेक्षण, म्हणजे अनुभवी जाणकारासोबत आपल्या कामाचा व त्यातून उठणाऱ्या भावनांचा नियमित विचार करण्याची संधी, मिळावे, अशी अपेक्षा असते.

शासकीय मान्यता : १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ या गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठीच्या संघराज्यीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या मानकांनी मुलाला वर्तनावरून काढून टाकण्यास मनाई केली आणि तात्पुरते घरी बसवण्याआधीही सल्लागाराची मदत घेणे बंधनकारक केले. २०२४ च्या दुरुस्तीने सल्ला महिन्यातून किमान एकदा उपलब्ध असण्याची अट घातली. या धोरणामागे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर गिलियम यांच्या २००५ च्या पाहणीचा मोठा वाटा मानला जातो. तीनुसार शासकीय अर्थसाहाय्यावरील पूर्वप्राथमिक वर्गांत हजारी सुमारे ६.७ मुले काढून टाकली जात होती. हे प्रमाण शालेय वर्गांच्या तिपटीहून अधिक होते. काढलेल्यांत मुलगे मुलींच्या सुमारे साडेचारपट होते, आणि जेथे वर्गात सल्लागार येत असे तेथे प्रमाण कमी होते. हा सहसंबंध होय, कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

परिणाम : पुराव्यांत कनेक्टिकट राज्यातील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी (सल्ला कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेली) महत्त्वाची आहे. सल्ला मिळालेल्या वर्गांतील मुलांची अतिचंचलता व आक्रमक वर्तन घटल्याचे शिक्षिकांनी नोंदवले. वर्गाच्या एकूण गुणवत्तेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. या नोंदी शिक्षिकांच्याच असल्याने बदल मुलात झाला की पाहणाऱ्याच्या नजरेत, हा प्रश्न उरतो. कॅप्लन यांच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा बदलही यशच ठरेल. कनेक्टिकटची सेवा ठरावीक मुदतीची होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या परंपरेतील बेमुदत सल्ल्याला तिचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.