अंग बाहेर येणे : बाळंतपणानंतरचे उपचार

ओटीपोटाचा तळ सावरून धरणारे स्नायू आणि बंध सैल पडल्यामुळे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात खाली उतरणे, कधी योनीबाहेर डोकावणे. वैद्यकीय मराठीत याला योनिभ्रंश किंवा गर्भाशयभ्रंश म्हणतात, दवाखान्यात 'प्रोलॅप्स' हा शब्द चालतो. नागपुरात आणि भोवतालच्या जिल्ह्यांत बाई म्हणते, "अंग येऊन राह्यलं जी," किंवा "पिशवी खाली आली."

यातला 'पिशवी' हा शब्द घोटाळ्याचा आहे. गर्भाशय ही पिशवी आणि मूत्राशय ही लघवीची पिशवी. बाळंतपणानंतर बऱ्याचदा योनीची पुढची भिंत सैल पडते आणि तिच्यामागून लघवीची पिशवी फुगवट्यासारखी खाली येते. गर्भाशय जवळपास जागेवरच असते. पण घरी निरोप पोचतो तो 'पिशवी खाली आली' एवढाच, आणि पुढचे वाक्य ठरलेले असते : काढून टाका. म्हणून उपचाराआधी नेमके काय खाली आले आहे हे कळणे आवश्यक असते. मागची भिंत सैल असेल तर गुदाशयाचा फुगवटा येतो आणि शौचाला बसल्यावर बोटाने आधार द्यावा लागतो. ही गोष्ट बाई सहसा विचारल्याशिवाय सांगत नाही.

कारणे : ओटीपोटाच्या तळाशी माकडहाडापासून जांघेच्या हाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. बाळाचे डोके बाहेर येताना तिचा आतला भाग जवळपास तिप्पट ताणला जातो; काहींत तो हाडापासून सुटतो. चिमटा लावून केलेली सुटका, मोठे बाळ, लांबलेल्या कळा, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडण्याआधी लावायला लावलेला जोर, पोटावरून दिलेला दाब आणि एकामागून एक बाळंतपणे यांनी धोका वाढतो. सिझेरियनने तो कमी होतो, संपत नाही. नऊ महिन्यांचे ओझे तळाने वाहिलेले असतेच. त्यानंतरचा वाटा अंगमेहनतीचा. सव्वा महिन्याची विश्रांती हा रिवाज सगळीकडे आहे, पण धानाच्या रोवणीला किंवा कापूस वेचायला जाणारीला तो पुरा मिळत नाही. चुलीच्या धुराचा जुना खोकला आणि बद्धकोष्ठ यांचा दाब दररोज खालीच येतो. पोट बांधण्याची पद्धत चांगल्या हेतूची असली, तरी लुगड्याचा पट्टा फार आवळला तर तोही दाब खाली ढकलतो.

तपासणी : सकाळी हलके आणि संध्याकाळी जड वाटणे ही खास खूण. तपासताना डॉक्टर म्हणतात, "मावशी, खोकला काढा. आता कळा आल्यावर लावला होता तसा जोर लावा." बाई लाजून अर्धाच जोर लावते आणि फुगवटा अर्धाच दिसतो, अशा वेळी उभे करून किंवा उकिडवे बसवून पुन्हा पाहावे लागते. योनिमुखाच्या पडद्यापासून किती सेंटिमीटर वर किंवा खाली, या मापावर पायऱ्या ठरतात. ही पद्धत १९९६ पासून जगभर वापरात आहे. दुसरी पायरी म्हणजे त्या रेषेच्या एक सेंटिमीटर वर-खाली.

तपासणीपर्यंत पोचणे हाच मोठा टप्पा असतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या ८ टक्के. ही पाहणी केवळ अंग बाहेर येण्याची नव्हती, पण त्या तक्रारीची वाट कुठे अडते हे तिच्यात दिसते.

थांबणे : ओल्या बाळंतिणीला दिसलेला फुगवटा कायमचा असेलच असे नाही. ताणलेल्या ऊती पहिल्या काही महिन्यांत आवळत जातात आणि सौम्य भ्रंश वर्षभरात बराच सुधारू शकतो. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी असल्याने योनी कोरडी आणि पातळ राहते, त्यामुळे त्रास आहे त्याहून अधिक जाणवतो. या काळात शस्त्रक्रियेची घाई करू नये. 'काहीच करू नका' असा मात्र त्याचा अर्थ नाही.

व्यायाम : पहिल्या-दुसऱ्या पायरीसाठी हाच पहिला उपचार. अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, म्हणून नाव केगल. नाव सगळ्यांना ठाऊक असते, करण्यात मात्र चूक होते. सांगताना उपयोगी पडणारी खूण अशी : चारचौघांत वारा सरतोय असे वाटले की आपण जे आवळतो तेच आवळायचे आणि वर ओढायचे. पोट, मांड्या, ढुंगण सैल आणि श्वास चालू. अनेक जणी आवळण्याऐवजी खाली जोर लावतात, म्हणजे दुखण्यालाच व्यायाम देतात; म्हणून सुरुवातीला एकदा तरी प्रशिक्षित हाताने आतून बोट ठेवून तपासलेले बरे. आठ ते दहा सेकंद धरायचे, तेवढेच सोडायचे, असे आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन-चार महिने. लघवी मध्येच थांबवून पाहणे स्नायू ओळखण्यापुरते ठीक आहे, तोच रोजचा व्यायाम करू नये. शिंकण्याआधी, बादली उचलण्याआधी एकदा आवळून घेण्याची सवय लागली तर अर्धे काम होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, फिजिओथेरपिस्टने एकेकीला शिकवलेल्या व्यायामाने वर्षअखेर त्रास कमी झाल्याचे दिसले. सुटलेला स्नायू व्यायामाने पुन्हा हाडाला चिकटत नाही. उरलेले स्नायू बळकट होतात.

रिंग : पेसरी. गर्भाशयाला खालून टेकू देणारी ही वस्तू फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य अर्धे डाळिंब वापरत. आजची रिंग मऊ सिलिकॉनची असते. दोन बोटांत चेपून ती लांबट करायची, आत सरकवायची, आत गेली की आपोआप उघडते. नीट बसली तर ती आहे हे जाणवत नाही. जाणवली तर मोठी, निसटली तर लहान. माप घेतल्यावर बाईला लगेच घरी पाठवू नये. चालवावे, लघवी करून येऊ द्यावी आणि उकिडवे बसवून जोर लावायला सांगावे. खुर्चीसारख्या कमोडवर टिकलेली रिंग देशी संडासात पहिल्याच दिवशी निघून येते, आणि मग 'रिंग काही कामाची नाही' असा निकाल लागतो. कामाची नसते ती न तपासलेली मापे.

जमेल तिने ती स्वतः काढून साध्या पाण्याने धुवावी, नाही तर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासून घ्यावी. विसरून गेलेली रिंग आत रुतते, जखम करते, क्वचित मूत्राशयापर्यंत भगदाड पाडते. कोरडेपणा असेल तर योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरतात. अजून मूल हवे आहे, शस्त्रक्रिया पुढे ढकलायची आहे किंवा करायचीच नाही, अशा तिघींनाही रिंग चालते. तरी ती 'म्हाताऱ्यांची वस्तू' समजली जाते, आणि तिशीतल्या बाईला कित्येकदा दाखवलीही जात नाही.

शस्त्रक्रिया : ती लागते, आणि वेळेवर केली तर चांगली साधते. साधारणपणे मुले झाल्यावर आणि बाळंतपणाला काही महिने उलटल्यावर करतात. अंग बराच काळ बाहेर राहून लुगड्याला घासले असेल तर त्यावर व्रण पडतो. तो आधी भरावा लागतो. त्यासाठी अंग आत ढकलून ॲक्रिफ्लेविन-ग्लिसरीनमध्ये भिजवलेली नारिंगी-पिवळी गॉजची पट्टी घडी घालत आत भरतात आणि ती रोज बदलतात.

पुढची भिंत सैल असेल तर ती आणि मागची असेल तर मागची आवळून शिवतात. गर्भाशय उतरले असेल तर दोन वाटा असतात. योनिमार्गे ते काढता येते. मात्र नुसते काढल्याने आधार परत येत नाही, मागे उरलेला योनीचा घुमट बंधांना शिवून टांगावा लागतो, नाही तर काही वर्षांनी तोच खाली येतो. दुसरी वाट गर्भाशय ठेवण्याची. मँचेस्टर शस्त्रक्रियेत लांबलेली ग्रीवा (गर्भाशयाचे तोंड) कापून बंध आखूड करतात. गर्भाशयाला फितीने वर टांगण्याच्या पद्धती भारतात तरुण स्त्रियांसाठी विशेष रुजल्या. त्यांतल्या शिरोडकर, पुरंदरे आणि खन्ना या नावांच्या स्लिंग शस्त्रक्रिया वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना आजही परीक्षेत येतात. अशा शस्त्रक्रियेनंतर दिवस गेले तर बाळंतपण कसे करायचे हे आधीच ठरवावे लागते. योनिमार्गे जाळी बसवण्याची पद्धत जखमा आणि वेदनांच्या तक्रारींमुळे मागे पडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या कामासाठी तिची विक्री थांबवली. पोटातून घातलेल्या फिती-जाळ्यांना ती बंदी लागू नाही.

आयुर्वेद : चरक आणि सुश्रुत या संहितांत वीस योनिव्यापदे (योनीचे रोग) सांगितली आहेत आणि सुश्रुतातील 'प्रस्रंसिनी' या प्रकाराशी हे दुखणे जोडले जाते. नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. औषधी तेलात भिजवलेला पिचू (कापसाचा बोळा) आत ठेवणे हा परंपरेतला उपचार. तेलाने कोरडेपणा शमतो. फाटलेला बंध त्याने सांधत नाही.

नागपुरातील सोय : १९४७ मध्ये सुरू झालेले 'मेडिकल' (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), जुने 'मेयो' रुग्णालय, फक्त स्त्रियांसाठीचे डागा रुग्णालय आणि २०१८ पासूनचे मिहानमधील एम्स ही मुख्य सरकारी ठिकाणे. धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखान्यांची रांग आहे. मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीबरोबर छिंदवाडा, शिवनी, बालाघाटच्याही स्त्रिया येतात. लघवी पूर्ण अडणे, बाहेर आलेले अंग आत न जाणे, ते काळेनिळे पडणे किंवा रक्त जाणे, अशा वेळी बाह्यरुग्ण विभागाच्या वारासाठी न थांबता तातडीच्या विभागात जावे.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड उचलू नये, संबंध ठेवू नये आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. सुट्टीच्या कागदावर 'जड' एवढेच लिहिलेले असते, म्हणून घरच्यांनी किलोत विचारून घ्यावे. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास, पाण्याची भरली बादली पंधरा, वर्षाचे मूल नऊ. मुलाला कुणीतरी उचलून बसलेल्या आईच्या मांडीवर द्यायचे.