सांगितलं की करून दिलं? प्रोग्रामिंगच्या लॅबमधली मदत आणि कॉपी

"सर, मित्राला विचारलं तर कॉपी धरता का?"

पहिल्या वर्षाच्या सी प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा मित्राला विचारून मोकळा झालेला असतो. "विचारलंस तर नाही धरणार, घेतलंस तर धरणार," असं मी सांगतो. ते पोरांना लगेच उमगत नाही. खरं सांगायचं तर शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मलाही नीट उमगलेलं नव्हतं. मदत आणि कॉपी ही दोन वेगळी कामं आहेत, पण दोन्हींतून बाहेर पडणारी फाइल अगदी एकसारखी असू शकते. सगळा घोळ तिथंच आहे.

एक प्रसंग सांगतो. एक ते दहा आकड्यांची बेरीज, असा साधा प्रोग्रॅम होता. उत्तर ५५ यायला हवं, एका मुलीच्या स्क्रीनवर ११ येत होतं. एरर एकही नाही. तिनं फॉर लूपच्या, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या ओळीच्या, कंसानंतर सेमीकोलन टाकला होता. "सीमध्ये ओळ संपली की सेमीकोलन" हे आम्हीच पहिल्या आठवड्यात घोकून घेतलेलं, त्यामुळं तिला दोष तरी कसा द्यायचा? त्या सेमीकोलनमुळं लूप दहा वेळा नुसताच रिकामा फिरतो, आय (फेऱ्या मोजणारा आकडा) ११ झाला की बाहेर पडतो, आणि खालची बेरजेची ओळ एकदाच चालते. शून्य अधिक अकरा.

आता तिच्या मागं दोन वेगळे मित्र उभे आहेत असं धरा. पहिला म्हणतो, "काय बे, एवढं पण येईना का?" आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढून सेमीकोलन खोडतो. ५५ येतं. पाच सेकंदांचं काम. दुसरा कीबोर्डला हात लावत नाही. तो विचारतो, "अकराच का आलं असेल? दहा का नाही, पंचावन्न का नाही?" मग म्हणतो, "खालच्या महिरपी कंसाच्या आत एक प्रिंटएफ टाक, आय छापून बघ. दहा ओळी यायला पाहिजेत." ओळ एकच येते, तीही ११ ची. मुलगी दोन मिनिटं स्क्रीनकडं बघत बसते, वर जाते, खाली येते आणि तो सेमीकोलन तिला स्वतःला दिसतो. प्रिंटएफ काढून टाकला की हिची फाइल पहिल्या मित्रानं दुरुस्त केलेल्या फाइलसारखीच, अक्षरा-अक्षरानं.

म्हणून मी फाइल बघत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. "आता फक्त सम आकड्यांची बेरीज करून दाखव." उत्तर ३० यायला हवं. जिला सेमीकोलन सापडला ती आय दोनपासून सुरू करते, दोन-दोननं वाढवते. थोडी चुकते, पण हात चालतात. जिला करून मिळालं ती मागं वळून मित्राला शोधते.

मदत म्हणजे तुमच्या डोक्यात काहीतरी जाणं आणि कॉपी म्हणजे तुमच्या फाइलमध्ये काहीतरी जाणं, असं मी वर्गात सांगतो. पूर्ण अचूक आहे असं नाही, पण तपासायला सोपं पडतं.

सोलापूरच्या पोरांना हे समजवायला माझ्याकडं एक हक्काचं उदाहरण आहे. निम्म्या वर्गाच्या घरात किंवा शेजारी कुणीतरी चादरीच्या कारखान्यात काम केलेलं असतं. आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं, आणि त्यातलं तत्त्व प्रोग्रामिंगच्या फार जवळचं: पुठ्ठ्याच्या पत्त्यात भोक असेल तर ताण्याचा धागा वर उचलायचा, नसेल तर खालीच ठेवायचा. आडव्या धाग्याच्या दर फेरीला एक पत्ता. चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना इथूनच उचलली. तर, दुसऱ्याच्या पत्त्यांची माळ माझ्या मागावर चढवली तरी चादर तीच निघेल, धागा न धागा तसाच. मागाला काय कळतंय पत्ते कुणी पाडले ते? प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरलाही कळत नाही. पण गिऱ्हाईक म्हणालं, "फूल तेच ठेवा, दोन बोटं डावीकडं सरकवा," की ज्यानं ग्राफ पेपरवर चौकोन भरून पत्ते पाडलेत तोच कामाला बसू शकतो. माळ उसनी आणलेला नुसता मागाकडं बघत राहतो.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण शिक्षक इथं हमखास फसतात. दोन प्रोग्रॅम सारखे दिसले म्हणजे कॉपी झाली असं नाही. मूळ संख्या ओळखायचा प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा असतो. फळ्यावर मीच एक पद्धत शिकवलेली, व्हेरिएबलची, म्हणजे आकडे साठवायच्या जागांची, नावं मीच एन आणि आय दिलेली. मग साठ जणांचे प्रोग्रॅम सारखे नाही येणार तर काय होणार? सारखेपणा शोधणारी सॉफ्टवेअरं आहेत. स्टॅनफर्डमधलं मॉस हे १९९४ पासूनचं. व्हेरिएबलची नावं बदलून त्याला फसवता येत नाही, कारण ते नावांपेक्षा रचना ताडून बघतं. पण तेही फक्त "हे दोन सारखे आहेत" एवढंच सांगतं, "यानं त्याचं घेतलं" असं सांगत नाही. निवाडा माणसालाच करावा लागतो.

मी चुका बघतो. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, चुका मात्र ज्याच्या त्याच्या. दोघांच्याही स्क्रीनवर "एंटर द नंबर" मधल्या नंबरच्या स्पेलिंगमधला बी गायब असेल, आणि दोघांनीही कुठंच न वापरलेलं टेम्प-दोन नावाचं व्हेरिएबल वर लिहून ठेवलं असेल, तर मग बोलणं भाग आहे.

काही हुशार पोरं यूजीसीचा हवाला देतात. "सर, दहा टक्के चालतं ना?" यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला दंड नाही, हे खरं. पण ते नियम प्रबंध-शोधनिबंधांसारख्या लेखनाचा विचार करून केलेले आहेत. दहा ओळींच्या प्रोग्रॅमला टक्केवारी लावायची तर एकच ओळ सारखी चालेल, आणि ती सगळ्यांची सारखीच असणारी पहिली इन्क्लूडची ओळ असेल!

माझी स्वतःची एक चूक इथं कबूल करतो. एका बॅचला दोन मुली सलग तीन प्रॅक्टिकलना एकमेकींच्या कानात बोलत बसायच्या. बोलणं तेलुगूत, मला तेलुगू येत नाही. मी गृहीत धरलं की एक सांगतेय आणि दुसरी उतरवून घेतेय. दोघींना लांबच्या मशीनवर बसवलं आणि वर चार शब्द सुनावले. पुढच्या आठवड्यात दोघींपैकी एकीचं काम एकदम थांबलं. नंतर कळलं की इंग्रजी हँडआउटमधला उतारा तिची मैत्रीण तिला घरच्या भाषेत समजावून सांगत होती, कोड नव्हतीच सांगत. सोलापूरच्या लॅबमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांत कुजबुज चालते. मला न कळणारी कुजबुज म्हणजे कॉपी, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यानंतर मी बोलण्यावर बंदी घालणं सोडलं. बोला, कुठल्याही भाषेत बोला. फक्त बोलताना दुसऱ्याच्या कीबोर्डला हात नाही, आणि स्वतःचा प्रोग्रॅम त्याच्यासमोर उघडा ठेवायचा नाही.

आता जर्नल. हा विषय काढला की सहकारी नाराज होतात, पण काढायलाच हवा. आम्ही पोरांना सांगतो कॉपी करू नका, आणि त्याच पोरांकडून उद्देश, अल्गोरिदम, फ्लोचार्ट, प्रोग्रॅम, आउटपुट असं सगळं हातानं लिहून घेतो. ते कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं: सीनिअरच्या जर्नलमधून, किंवा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघं मिळून एकाचं जर्नल उतरवतात, आम्ही तारीख बघून सही करतो. एकदा एका जर्नलमध्ये आठचा फॅक्टोरियल उणे २५,२१६ लिहिलेला सापडला. आठचा फॅक्टोरियल, म्हणजे एक ते आठ आकड्यांचा गुणाकार, ४०,३२०. आमच्या लॅबमध्ये जीसीसी हा कंपायलर आहे, तिथं तो बरोबरच येतो. उणे आकडा येतो टर्बो सी या जुन्या कंपायलरवर, कारण त्यातला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांची, ३२,७६७ च्या पुढं आकडा उलटा फिरतो. म्हणजे त्या पोरानं कधीच न चालवलेल्या प्रोग्रॅमचं आउटपुट, कुणा जुन्या सीनिअरच्या वहीतून, जसंच्या तसं उतरवलं होतं. उणे फॅक्टोरियल लिहिताना त्याचा हात अडखळला नाही. त्या आधीच्या वर्षांत अशा किती जर्नलांवर मी सही केली असेल, हे मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

तेव्हापासून जर्नलमध्ये आउटपुटऐवजी "माझं काय चुकलं" असा एक रकाना मागतो. चूक उसनी आणणं जड जातं.

आता एआय. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि कीबोर्ड ओढणारा पहिला मित्र प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला. पण दोष यंत्राचा कमी, विचारण्याचा जास्त. एरर चिकटवून "याचा अर्थ काय" विचारलं तर ती मदत. प्रॅक्टिकलचा उद्देश चिकटवून "प्रोग्रॅम दे" म्हटलं तर ती कॉपी, मग तो प्रोग्रॅम जगात दुसऱ्या कुणाकडं नसला तरीही. "मला उत्तर देऊ नकोस, एकेक प्रश्न विचार" असं सांगितलं तर तेच यंत्र दुसऱ्या मित्रासारखं वागू शकतं, पण रात्री अकरा वाजता, सबमिशन सकाळी असताना, असं कोण सांगतंय! आमच्याकडं ते लवकर उघडं पडतं. अजून अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या युनिटलाच असलेल्या पोराच्या प्रोग्रॅममध्ये पॉइंटर आणि स्ट्रक्चर असे न शिकवलेले प्रकार दिसतात. मी रागावत नाही. "छान आहे, हा बाण काय करतो सांग बरं" एवढंच विचारतो.

अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत एक गमतीदार नियम आहे. मित्रांशी चर्चा हवी तेवढी करा, पण लिहिलेला कागद तिथंच टाकून द्या, अर्धा तास टीव्हीवर काहीतरी फालतू बघा, आणि मग एकटे बसून कोड लिहा. डोक्यात जे उरेल ते तुमचं. मी टीव्हीच्या जागी चहा ठेवलाय. कँटीनला जाऊन या, हात मोकळे ठेवून या. हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रामिंगच्या सुरुवातीच्या कोर्समध्ये २०१४ पासून आणखी एक सोय आहे: कॉपीसारखी चूक झाली आणि ७२ तासांच्या आत स्वतः येऊन सांगितलं, तर फार तर त्या कामाचे गुण जातात, प्रकरण वर जात नाही. मी ती उचलली. हो, उचलली, आणि लॅबच्या दारावरच्या नियमांच्या कागदावर ती कुठून घेतली तेही लिहिलंय. पोरांनाही तेच सांगतो: प्रोग्रॅमच्या वर एक कमेंट टाका, कुणाला काय विचारलं आणि त्यानं काय सांगितलं. "लूप कुठं थांबतो ते शेजारच्यानं समजावलं" एवढं पुरे. त्याचे गुण कापत नाही. ते लिहिलेलं नसेल आणि नंतर कळलं, तर कापतो.



एका गोष्टीवर मात्र अजून माझं पक्कं ठरलेलं नाही. पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळकडून आलेली पोरं रूम करून राहतात, आणि तिघांत लॅपटॉप एक. ते एकत्र बसून एकच प्रोग्रॅम टाइप करतात, एकत्र चुकतात, एकत्र दुरुस्त करतात आणि पेन ड्राइव्हवर तीन फाइली घेऊन येतात. चुकासुद्धा सारख्याच असतात. वरच्या माझ्या सगळ्या कसोट्यांत ती कॉपी ठरते, आणि प्रत्यक्षात ती कधी कधी वर्गातली सगळ्यात चांगली मदत असते. यंदा त्यांना एवढंच सांगितलंय: पाळीपाळीनं टाइप करा, आणि मंगळवारी लॅबला येताना पेन ड्राइव्ह रूमवर ठेवून या. इथं रिकाम्या स्क्रीनवर पुन्हा लिहायचा. परवा तिघांनी लिहिला. दोघांचा चालला. तिसरा बराच वेळ अडकला, तेव्हा बाकीचे दोघं त्याच्या मागं जाऊन उभे राहिले, हात पाठीमागं बांधून.