‘लेडीज’ रोड बाइकच घ्यावी लागते का?

पहिली रोड बाइक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची हलकी सायकल, घ्यायला निघालेल्या स्त्रीला हमखास सांगितले जाते, की बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असते, म्हणून त्यांनी खास स्त्रियांसाठी बनवलेली फ्रेमच घ्यावी. अमेरिकेत जॉर्जेना टेरी यांनी १९८५ मध्ये कंपनी काढून, पुढचे चाक लहान ठेवून, स्त्रियांना नीट बसणाऱ्या सायकली विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी सोडवलेली अडचण खरी होती. पण ती बहुतांशी कमी उंचीची अडचण होती. पुढे स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने हजारो सायकलस्वारांची मोजमापे तपासली आणि शरीराची ठेवण केवळ लिंगावरून ठरत नाही, असे दिसल्यावर स्त्रियांसाठी वेगळ्या भूमितीचा (फ्रेमच्या लांबी-उंची आणि कोनांचा) आग्रह सोडला. लिव्हसारखा स्त्रियांसाठीचा सायकल ब्रँड आजही वेगळी फ्रेम बनवतो, आणि ती तुम्हाला बसत असेल तर अवश्य घ्यावी. मात्र पाटी पाहून नव्हे, तर फ्रेमची उंची आणि हँडलपर्यंतचे अंतर पाहून.

खरा फरक पडतो तो सीटमुळे. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो, त्यांच्यातील अंतर स्त्रियांमध्ये सरासरीने जास्त असते, म्हणून ते मोजून सीटची रुंदी निवडावी. अधिक मऊ सीट लांबच्या फेरीत उलट नाजूक भागावर दाब आणते. हात लहान असल्यास ब्रेकचे लिव्हर जवळ आणून घ्यावेत, आणि हँडल लांब वाटल्यास आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बसवावा. आपल्या मापापेक्षा मोठी फ्रेम मात्र सवलतीतही घेऊ नये.