गणिताची पटसंख्या मोजायची कशी?

केंब्रिजला दर वर्षी सुमारे २५० मुलंमुली गणिताच्या पदवीला दाखल होतात. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअरमध्ये गणिताच्या स्पर्धापरीक्षेतून निवडले जातात ते चाळीसेक. एमआयटीत तर पहिल्या वर्षी 'गणिताचा विद्यार्थी' म्हणून कुणाचीच नोंद नसते, कारण तिथे मुख्य विषय ठरतो तो पहिलं वर्ष संपत आल्यावर. तिन्ही संस्था गणितात जगातल्या पहिल्या फळीतल्या. पण २५०, ४० आणि शून्य हे आकडे एका रकान्यात लिहून लहानमोठं ठरवायला गेलं, तर हाती काहीच लागत नाही.

पटावरची संख्या हा साठा आहे. कोयनेत आज किती टीएमसी पाणी आहे एवढ्यावरून पाणलोटात पाऊस किती होतोय ते सांगता येत नाही. आवक आणि विसर्ग वेगळे पाहावे लागतात. विद्यापीठाचंही तसंच. यासाठी एक साधं सूत्र आहे, ज्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली: सरासरी हजर संख्या = येण्याचा वेग × सरासरी मुक्काम. दुकानात तासाला २० गिऱ्हाइकं येतात आणि प्रत्येक जण सरासरी १५ मिनिटं थांबतो, तर कोणत्याही क्षणी दुकानात सरासरी ५ जण असतात. रांगांच्या अभ्यासातून आलेलं हे सूत्र वर्गांनाही तंतोतंत लागू पडतं.

समजा, एका विद्यापीठात दर वर्षी २४० विद्यार्थी येतात आणि अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. पट ७२०. दुसरीकडे येतात १९०, पण अभ्यासक्रम ४ वर्षांचा. पट ७६०. कमी मुलं घेणाऱ्या विद्यापीठाचा पट मोठा दिसला, आणि त्यामागे वर्षांच्या फरकाखेरीज काही नाही. इंग्लंडमध्ये पदवी साधारण ३ वर्षांची, अमेरिकेत ४ वर्षांची, पण जिथे विषय एक वर्षाने जाहीर होतो तिथे गणितातला मुक्काम पुन्हा ३ वर्षांवर येतो. त्यामुळे गुणाकारात कोणता मुक्काम धरायचा हे आधी ठरवावं लागतं. शिवाय सूत्र चालतं ते आवक स्थिर असताना. प्रवेश २४० वरून ३०० केले, तर पट एका वर्षात ९०० होत नाही. तो ७८०, ८४०, ९०० असा तीन पायऱ्यांनी चढतो. मधल्या वर्षी मोजणाऱ्याला वाटतं, 'दर वर्षी वाढ होतेय'. वाढ एकदाच झालेली असते.

याहून मोठी अडचण चाळणीची आहे. केंब्रिजमध्ये चाळणी दाराबाहेर लागते. बारावीच्या तोलाच्या परीक्षांसोबत 'स्टेप' नावाची गणिताची अवघड लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि तिथे बरेच जण गळणार हे धरूनच महाविद्यालयं जागांच्या जवळपास दुप्पट जणांना सशर्त प्रवेश देऊ करतात. एकदा आत आलेला विद्यार्थी बहुधा टिकतो. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाची रीत उलटी. स्विस माटुरा, म्हणजे तिथली शालान्त परीक्षा, उत्तीर्ण झालेल्याला गणितासाठी वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. चाळणी लागते ती पहिल्या वर्षाच्या परीक्षेत, जी नापास झाल्यास एकदाच पुन्हा देता येते.

अशा दोन संस्थांचा पट पहिल्या वर्षी मोजला तर दाराआत चाळणी लावणारी संस्था फुगलेली दिसते. समजा, तिथे ३०० आले आणि चाळणीनंतर १८० उरले. तीन वर्षांचा पट ३०० + १८० + १८० = ६६०. दाराबाहेर चाळणी लावून २२० घेणाऱ्या संस्थेचा पटही ६६०! पट सारखा, पण पदवी घेऊन बाहेर पडणारे १८० आणि २२०. म्हणून आमचा आग्रह असा की, तुलना करायची तर दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची करावी. तोवर बहुतेक ठिकाणची चाळणी झालेली असते, विषय जाहीर झालेले असतात आणि मास्टर्सचा घोळ अजून सुरू झालेला नसतो.

हा मास्टर्सचा घोळ केंब्रिजमध्ये चांगलाच मोठा आहे. तिथल्या गणिताच्या परीक्षांना 'ट्रायपॉस' म्हणतात. तिसऱ्या वर्षअखेरच्या दुसऱ्या भागात पहिला वर्ग मिळवणारा तो 'रँग्लर'. १८९९ मध्ये र. पु. परांजपे सीनियर रँग्लर, म्हणजे रँग्लरांत पहिल्या क्रमांकाचे, झाले तेव्हापासून हा शब्द मराठीत बिरुदासारखा रुजला आहे. पण त्यापुढचा 'तिसरा भाग' हा एका वर्षाचा, मास्टर्सचा. त्यात २०० हून अधिक विद्यार्थी असतात आणि त्यातले बरेच जगभरातून फक्त त्या एका वर्षासाठी आलेले असतात. 'केंब्रिजमध्ये गणिताचे विद्यार्थी किती' याचं उत्तर हे धरून आणि सोडून बरंच बदलतं.

फ्रान्समध्ये दुहेरी नोंदीचा प्रश्न येतो. एकोल नॉर्मालच्या परीक्षेआधीची दोन वर्षं विद्यार्थी पूर्वतयारीच्या वर्गात असतात, आणि ते वर्ग चालतात लिसेमध्ये, म्हणजे तिथल्या उच्च माध्यमिक शाळांत. २०१३ च्या कायद्यानुसार या विद्यार्थ्यांना एखाद्या विद्यापीठातही नाव घालावं लागतं. त्यामुळे शिकतात एकीकडे आणि मोजले जाण्याची शक्यता दोन्हीकडे. फ्रान्सची सरकारी आकडेवारी वापरताना ती 'दुहेरी नोंदी वगळून' आहे की धरून, ही तळटीप वाचल्याशिवाय बेरीज करू नये.

जोडविषयांचं काय? ऑक्सफर्डला गणित आणि तत्त्वज्ञान, गणित आणि संख्याशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र अशा जोडपदव्या आहेत. ब्रिटनची आकडेवारी जमवणारी 'हेसा' अशा विद्यार्थ्याची विभागणी करते: दोन्ही विषय समान असतील तर अर्धा-अर्धा, एक मुख्य आणि एक दुय्यम असेल तर दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश. अमेरिकेची 'आयपेड्स' ही केंद्रीय नोंद पदव्या मोजताना पहिला मुख्य विषय आणि दुसरा मुख्य विषय वेगवेगळ्या रकान्यांत ठेवते. दोन्ही रकाने मिळवले तर दोन विषयांत पदवी घेतलेला एकच माणूस दोन होतो. फक्त पहिला घेतला तर गणित दुसऱ्या रकान्यात असलेले सगळे गायब. तिथे विषयांना संकेतांक असतात: गणित आणि संख्याशास्त्र २७ मध्ये, पण 'गणित व संगणकशास्त्र' हा एकत्र विषय ३०.०८ मध्ये. फक्त २७ चाळून काढलेली यादी इथेच तोकडी पडते.

इंग्रजीतला 'एनरोलमेंट' हा शब्दही फसवा आहे. अमेरिकेतले गणित विभाग तो अनेकदा वर्गांतल्या जागांसाठी वापरतात. अभियांत्रिकीची मुलगी कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित एकाच सत्रात घेते, तेव्हा ती दोनदा मोजली जाते, आणि ती गणिताची विद्यार्थिनी तर नसतेच. एखाद्या विभागाच्या नावापुढे हजारोंचा आकडा दिसला, की तो माणसांचा आहे की नोंदणीचा, हे आधी पाहावं.

आपल्याकडे हाच पेच वेगळ्या रूपात येतो. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बीएस्सीच्या पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेला विद्यार्थी तिन्ही विषयांचा सारखाच होता. तिसऱ्या वर्षी सहा युनिट गणित घेतलं की तो पूर्ण गणिताचा, तीन युनिट घेतलं की अर्धा. शिवाय ही मुलं संलग्न महाविद्यालयांत, तर विद्यापीठाचा विभाग कलिना संकुलात एमएस्सी शिकवणारा. ऑक्सफर्डच्या पटाशेजारी फक्त कलिन्यातला पट ठेवला, तर पदवीचा जवळजवळ सगळा भाग बाहेरच राहतो.

अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ-समतुल्य संख्या काढतात. ब्रिटनमध्ये वर्षाला १२० क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. तिथल्या मुक्त विद्यापीठात ६० क्रेडिट घेणारा अर्धा धरायचा. हे सोपं आहे.

अवघड आहे ते छोट्या आकड्यांचं. ४० जणांच्या तुकडीत मुलींचं एरवीचं प्रमाण १५ टक्के धरलं, तर सरासरी ६ मुली येतील. पण निव्वळ योगायोगाने येणारा हेलकावा ४० × ०.१५ × ०.८५ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २ हून थोडा जास्त. एका वर्षी ४ आणि पुढच्या वर्षी ८ मुली आल्या, तर 'मुली दुप्पट' असा मथळा होतो. प्रत्यक्षात काही बदललेलंच नसण्याची शक्यता भरपूर. पाच वर्षांच्या तुकड्या एकत्र केल्या तर २०० पैकी ३० अपेक्षित आणि हेलकावा ५. दोन संस्थांची तुलना असेल, तर दोघींचे हेलकावे मिळून (त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की) तो ७ च्या पुढे जातो. तेव्हा पाच वर्षांचे आकडे हाताशी असूनही एकीकडे ३० आणि दुसरीकडे ४० मुली, एवढ्यावर कोणती संस्था पुढे हे ठरत नाही.