सूत्र नसलं तरी फलन असतं

कोकणच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथी सांगा, घड्याळाचा एकच आकडा मिळतो. गणितात फलन (फंक्शन) म्हणतात ते हेच. उलट विचारलं की अडतं: तीनची भरती शुद्ध चतुर्थीची की वद्य?

फलन म्हटलं की मुलं आधी सूत्र शोधतात. त्यांना बोल लावू नये, कारण गणितज्ञही बराच काळ तेच करत होते. लायब्निझने 1673 मध्ये ही संज्ञा वापरली ती वक्ररेषांच्या संदर्भात. योहान बर्नुलीने 1718 मध्ये चल आणि स्थिर राशींपासून बनलेली राशी अशी व्याख्या दिली आणि ऑयलरच्या 1748 च्या ग्रंथात फलन म्हणजे सूत्रच.

पेच आणला ताणलेल्या तारेने. तार मधोमध चिमटीत धरून ओढली की दोन सरळ तुकडे आणि एक कोपरा तयार होतो. दोन्ही तुकड्यांना मिळून एक सूत्र कुठलं? दालांबेर, ऑयलर आणि डॅनियल बर्नुली यांच्यात यावरून मोठा वाद झाला. 1755 मध्ये ऑयलरनेच व्याख्या सैल केली: एक राशी बदलल्यावर दुसरी बदलत असेल, तर दुसरी पहिलीचं फलन. पुढे उष्णतेचा अभ्यास करताना फूर्येने असे तुटक आकारही साइन-कोसाइनच्या मालिकेत मांडले.

खरं वळण मला डिरिश्लेचं वाटतं. परिमेय संख्येला (अपूर्णांकात मांडता येते तिला) एक किंमत, अपरिमेयला दुसरी, असं फलन त्याने 1829 मध्ये दाखवलं. त्याचा आलेख काढताच येत नाही. 1837 मध्ये तो स्पष्टच म्हणाला की प्रत्येक एक्सला एकच वाय हवा, सगळीकडे एकच नियम असण्याची गरज नाही.

बंदरातल्या पाण्याची उंची घ्या. उधाण (मोठी भरती) असो वा भांग (लहान भरती), प्रत्येक क्षणाला उंची एकच असते. सूत्र ठाऊक नसलं, नुसतं कोष्टक हाती असलं, तरी ते फलन. वेळ आडव्या अक्षावर घेतली तर कोणतीही उभी रेषा आलेखाला एकदाच छेदते. आडवी रेषा मात्र अनेकदा छेदते, कारण तीच उंची चढत्या पाण्यातही येते आणि उतरत्या पाण्यातही. म्हणून उंचीवरून वेळ हे फलन नव्हे.

1888 मध्ये डेडेकिंडने संख्यांची अटही काढली. कोणत्याही संचातल्या प्रत्येक घटकाशी एकच घटक जोडला की झालं. होडीवरून तिचा नोंदणी क्रमांक हे फलन आहे. होडीवरून मालक हे फलन नाही, कारण एकाच होडीत दोन भावांची भागी असू शकते.