गुडघ्याची वाटी आणि कासऱ्यातली लाट

पहाटे साडेपाचला आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं धावत असतात. १६०० मीटरची तयारी. संध्याकाळी तीच पोरं शाळेच्या मैदानात व्हॉलीबॉल खेळतात. त्यातला एक परवा ओट्यावर येऊन बसला. "चाललो त काही नाही जी, उडी मारली का वाटीच्या खालतं खुपते." बोट त्यानं नेमक्या जागी ठेवलं, वाटीच्या खालच्या टोकावर.

वाटीला नडगीच्या हाडाशी बांधणारा तिथला पट्टा म्हणजे कंडरा. आपण सरसकट 'शीर' म्हणतो. लांबी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर, पण मांडीच्या स्नायूंचा सगळा जोर याच पट्ट्यातून पायात उतरतो. आत कोलॅजनचे धागे एकाच दिशेनं, सुताच्या लडीसारखे दाटीनं बसलेले. उड्यांचा मारा वाढला आणि झीज भरून यायला सवड मिळाली नाही, की धागे विस्कटतात आणि पट्टा जाड होतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ही झीज दिसत नाही. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढं ऐकून पोरं घरी येतात आणि दुखणं तसंच राहतं.

साध्या सोनोग्राफीत पट्ट्याची जाडी आणि त्यातला काळपट डाग दिसतो. पट्टा किती ताठ आहे, हे मात्र इलॅस्टोग्राफी, म्हणजे ताठपणा जोखणारी सोनोग्राफी, सांगते.

संत्रं पोलं आहे की भरलेलं, हे आपण दाबून ओळखतो. अमेरिकेत जोनाथन ऑफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सोनोग्राफीला हेच शिकवलं: ऊतक, म्हणजे शरीरातला तो मांसल भाग, हलकेच दाबायचं आणि दाबण्याआधीचं व नंतरचं चित्र ताडून पाहायचं. मऊ भाग जास्त दबतो. अडचण अशी, की प्रत्येकाचा हात वेगळा.

पुढची युक्ती बैलबंडीवर बसलेल्या कोणालाही कळेल. कासरा ढिला असताना झटका दिला तर लाट आळसावत बैलापर्यंत जाते. ताणलेला असेल तर क्षणात पोचते. यंत्रही ध्वनीलहरींचा नेमका धक्का देऊन कंडरेत अशी आडवी लाट उठवतं. ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, ही लाट मात्र काही मीटरच. त्यामुळे सेकंदाला हजारो चित्रं टिपून तिचा वेग मोजता येतो. पॅरिसच्या मातियास फिंक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये असं तंत्र मांडलं. साध्या, एकसारख्या ऊतकात वेग दुप्पट झाला तर ताठपणा चौपट धरतात. कंडरेचे धागे एकाच दिशेनं असल्यानं तिथे हा हिशोब सरळ लागू पडत नाही, म्हणून नुसता वेग वाचणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि इथेच सगळ्यात जपायला हवं. गुडघा वाकवला की कासरा ताणला जातो आणि निरोगी कंडराही ताठ दिसते. प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, धाग्यांना आडवा धरला, जोरात दाबला, किंवा नुकतंच धावून आलेल्याला तपासलं, तर आकडा बदलतो. गुडघा ठरावीक कोनात, मांडी सैल, जेलचा जाड थर आणि दोन्ही पाय तपासलेले, एवढं पाळलं तरच त्या आकड्याला किंमत. टाचेवरची आजारी कंडरा बऱ्याच अभ्यासांत मऊ आढळली आहे. वाटीखालच्या कंडरेबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय चित्रात बिघाड आणि दुखणं काहीच नाही, असे खेळाडू पुष्कळ असतात. म्हणून एका तपासणीवरून निदान करू नये. त्याच माणसाचा, त्याच स्थितीत, काही महिन्यांनी घेतलेला दुसरा आकडा खरा कामाचा.

आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र गावोगावच्या शिबिरात सहज नेता येत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक यंत्राची आणि जागेची नोंद लागते. तो कायदा हवाच. मुलींचे जीव त्याच्याशी बांधलेले आहेत. पण त्यामुळे गुडघा तपासायलाही शहरच गाठावं लागतं, आणि इलॅस्टोग्राफीची सोय असलेली यंत्रं तिथेही मोजकीच. निंदण सोडून, मजुरी बुडवून एखाद्या बाईनं या आकड्यासाठी तिकडे जावं, असं मी सांगणार नाही. जाणत्या डॉक्टरचा अंगठा आणि दुखण्याची नीट विचारपूस यांनी सुरुवातीचं बरंच काम होतं.

त्या पोराला मी दोनच गोष्टी बजावल्या. कोणी म्हटलं म्हणून त्या शिरेत स्टेरॉइडची सुई घ्यायची नाही, त्यानं कंडरा कमजोर होऊन तुटू शकते. आणि नुसतं पडून राहायचं नाही. फिजिओथेरपिस्टनं त्याला उड्या थांबवून सावकाश, वजन घेऊन बैठका घालायला लावल्या आहेत. निदान तीन महिने. सध्या तो पाठीवर पुस्तकांनी भरलेली बॅग घेऊन, मनात तीन मोजत खाली जातो आणि तीन मोजत वर येतो.